रेल्वेचं ब्लँकेट किती दिवसांनी धुतात? संसदेच्या प्रश्नोत्तर शोधाचं परीक्षण

२७ नोव्हेंबर २०२४ हा बुधवार होता, म्हणजे लोकसभेत रेल्वे मंत्रालयाचा दिवस. राजस्थानातल्या गंगानगरचे काँग्रेस खासदार कुलदीप इंदौरा यांचा प्रश्न होता की बेडरोलचे पैसे प्रवासी भरतात, तरी लोकरी ब्लँकेट महिन्यातून एकदाच धुतलं जातं का? रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्या लेखी उत्तरात आलं की सध्याच्या सूचनांप्रमाणे ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, आणि बेडरोलमध्ये एक जादा चादर ब्लँकेटला आतून लावण्यासाठी दिलेली असते. पुढे यांत्रिक धुलाई केंद्रं, ठरवून दिलेली रसायनं आणि धुतलेल्या कापडाचा पांढरेपणा मोजणारं 'व्हाइटोमीटर' नावाचं उपकरण यांची माहिती होती.

एका खासदाराने घरगुती वाटावा असा प्रश्न विचारला आणि लाखो प्रवाशांना ती जादा चादर कशासाठी असते ते कळलं. असे प्रश्न ज्या ठिकाणी साठवून ठेवलेले आहेत त्या सेवेचं हे परीक्षण. संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांची प्रश्नोत्तरं शोधता येतात. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही. टोल, रेल्वे, विमानभाडं, हेल्मेट, नंबरप्लेट, ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघात होणाऱ्या जागा), जे काही वाहतुकीत येतं त्यावर मंत्र्याच्या नावाने दिलेलं उत्तर इथे मिळतं. गट, संघटना, वार्ताहर, प्रवासी संघ यांच्यासाठी याहून भक्कम फुकटचा ऐवज नाही. पण तो वापरायची रीत माहीत नसेल तर अर्ध्या तासात कंटाळा येतो, आणि तो दोष बराचसा सेवेचाच आहे.

आधी माल किती आहे ते बघू. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात ते. अतारांकितांना फक्त लेखी उत्तर. छापील याद्यांचे रंगही वेगळे असतात: लोकसभेत तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या, अल्पसूचना प्रश्नांची (नेहमीपेक्षा कमी मुदत देऊन विचारलेल्या) फिक्या गुलाबी. मंत्रालयांचे पाच गट करून त्यांना वार वाटून दिलेले असतात. सध्याच्या लोकसभेत रेल्वे बुधवारी. रस्ते वाहतूक आणि नागरी विमान वाहतूक गुरुवारी. राज्यसभेत विमान वाहतूक सोमवारी, रस्ते बुधवारी, रेल्वे शुक्रवारी. वार ठाऊक असला की तारखेवरून शोध अर्ध्यावर येतो.

शोधताना दोन्ही सभागृहं वेगवेगळी चाळावी लागतात. लोकसभेसाठी लोकसभेचा क्रमांक आणि अधिवेशन निवडायचं, मग मंत्रालय, मग प्रश्नाचा प्रकार. राज्यसभेत अधिवेशनांचे आकडे सलग चालतात, त्यामुळे तिथे तारखांची चौकट घालणं सोपं. विषयाचा शब्द मात्र सरकारी बोलीतला हवा. आपण 'टोल' म्हणतो, मंत्रालयाच्या कागदात 'यूझर फी' आणि 'फी प्लाझा' असतं. चादरी-उशांसाठी 'लिनन' आणि 'बेडरोल' दोन्ही टाकावे लागतात. फाटकासाठी 'लेव्हल क्रॉसिंग', उड्डाणपुलासाठी 'रोड ओव्हर ब्रिज'. फास्टॅग कधी एका शब्दात, कधी दोन शब्दांत लिहिलेला सापडतो. एक शब्द टाकून काही आलं नाही म्हणून प्रश्नच विचारला गेला नाही असं समजू नये. निदान तीन पर्यायी शब्द टाकून बघावेत.

उत्तर पीडीएफ स्वरूपात हिंदी आणि इंग्रजीत मिळतं. मराठीत मिळत नाही. शीर्षस्थानी मंत्रालय, प्रश्नक्रमांक, उत्तराची तारीख, विषय. मग खासदारांची नावं. एकाच विषयावर अनेकांनी प्रश्न दिले असतील तर ते एकत्र जोडतात, म्हणून काही वेळा एका प्रश्नावर दहा-बारा नावं दिसतात. त्याखाली (क), (ख), (ग) असे भाग आणि मग उत्तर. खरी गंमत असते शेवटच्या पानांवर, अनुलग्नकात. राज्यवार किंवा वर्षवार तक्ता तिथेच येतो. पहिलं पान वाचून थांबणारे नेमकं तेच गमावतात. हे तक्ते पीडीएफमध्येच अडकलेले असतात. एक्सेलमध्ये घ्यायचे तर हाताने उतरवावे लागतात आणि जुनी पानं स्कॅन केलेली असल्याने त्यातला मजकूर कॉपीही होत नाही. सेवेचा सगळ्यात त्रासदायक भाग हाच. देशाच्या वाहतुकीचा वर्षानुवर्षांचा हिशेब इथे आहे, पण तो सुटा करून घ्यायची सोय नाही.

आता उत्तरांच्या दर्जाविषयी. सभागृहात ठेवलेलं उत्तर चुकीचं निघालं तर मंत्र्याला दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं, आणि जाणूनबुजून दिशाभूल केली तर हक्कभंगाचा प्रश्न येतो. त्यामुळे आकडा सहसा जपून दिलेला असतो. अडचण येते ती आकडा न देण्याच्या रीतींची. पहिली रीत म्हणजे '(क) ते (ङ)' असं एकत्र उत्तर. खासदाराने पाच वेगळ्या गोष्टी विचारलेल्या असतात. उत्तरात त्या पाचांचा एक निबंध होतो आणि नेमका अडचणीचा पोटप्रश्न त्यात बुडतो. वाचताना पोटप्रश्न एकेक करून उत्तराशी ताडून बघावा, कुठला निसटला ते लगेच दिसतं. दुसरी रीत: 'ही सतत चालणारी प्रक्रिया आहे'. तिसरी: अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.

चौथी रीत रेल्वेची खास, आणि महाराष्ट्राला ती फार लागू पडते. राज्यातल्या किंवा जिल्ह्यातल्या प्रकल्पांबद्दल विचारलं की उत्तराची पहिलीच ओळ असते: रेल्वे प्रकल्पांचं सर्वेक्षण, मंजुरी आणि काम विभागीय रेल्वेनुसार (म्हणजे झोननुसार) होतं, राज्यानुसार नाही, कारण प्रकल्प राज्यांच्या सीमा ओलांडतात. मग प्रश्न झोन आणि त्यातल्या विभागांनुसार घालायला हवा. मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर हे मध्य रेल्वेचे विभाग. नागपूरलाच दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही विभाग आहे आणि गोंदिया त्यात येतं. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मराठवाड्याचा बराच भाग सिकंदराबादच्या मुख्यालयाकडे. रोहा ओलांडलं की कोकण रेल्वे हे वेगळं महामंडळ, तर गोव्यात मडगाव कोकण रेल्वेकडे आणि वास्को, कुळे दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात. 'मराठवाड्यातल्या गाड्यांची स्थिती काय' या प्रश्नाला निबंध मिळतो. 'नांदेड विभागात अमुक वर्षात किती फाटकं बंद केली' याला आकडा मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

प्रश्न कुणाला विचारला यानेही उत्तर बदलतं. २०२० चं पावसाळी अधिवेशन यासाठी जरूर उघडून बघावं. कोविडमुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं आली. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, असं श्रम मंत्रालयाला विचारलं तेव्हा १४ सप्टेंबरला उत्तर आलं की अशी माहिती ठेवलेली नाही. त्याच आठवड्यात राज्यसभेत तृणमूलचे डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेकडून उत्तर आलं: ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक विशेष गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाला. त्यातल्या ८७ प्रकरणांत राज्य पोलिसांनी शवविच्छेदनासाठी मृतदेह पाठवले आणि ५१ अहवाल मिळाले होते. म्हणजे देशभरचे मजूर असा मोठा प्रश्न कोरा परत आला आणि एका प्रकारच्या गाडीतल्या मृत्यूंचा अरुंद प्रश्न आकडा घेऊन आला. गाडीत माणूस गेला की रेल्वे पोलिसांकडे नोंद होतेच. जिथे नोंद होते तिथेच विचारावं लागतं.

टोलच्या प्रश्नांत हे आणखी स्पष्ट दिसतं. 'दोन टोलनाक्यांत ६० किलोमीटर अंतर असलंच पाहिजे' असं लोक ठामपणे सांगतात. नियम कुठला? राष्ट्रीय महामार्ग शुल्क (दर निश्चिती व वसुली) नियम, २००८ मधला नियम ८. त्यात म्हटलंय की महामार्गाच्या त्याच विभागावर आणि त्याच दिशेने ६० किलोमीटरच्या आत दुसरा नाका असू नये. पण पुढे सवलती आहेत. कारणं लेखी नोंदवून ६० किलोमीटरच्या आतही नाका ठेवता येतो, आणि कायमचा पूल, बाह्यवळण किंवा बोगदा यांच्या वसुलीसाठी असेल तरीही चालतो. शहराच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या बाहेर नाका हवा. लेखी कारणं देऊन तो आत आणता येतो, पण साधारणपणे ५ किलोमीटरच्या आत नाही. आता बघा, 'अमुक महामार्गावर ६० किलोमीटरच्या नियमाचा भंग झाला आहे का' असा प्रश्न गेला तर 'नियमांनुसार नाके उभारले आहेत' एवढंच उत्तर येतं आणि ते खरंही असतं. प्रश्न असा हवा: पुणे ते कोल्हापूर या टप्प्यात नियम ८ खाली लेखी कारणं नोंदवून किती नाके मंजूर झाले, कुठल्या तारखेला, आणि ती कारणं काय? 'लेखी कारणं' हा शब्द नियमातच आहे, त्यामुळे कागद नाही असं म्हणता येत नाही.

२२ मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी यांनी लोकसभेत सांगितलं की ६० किलोमीटरच्या आतला दुसरा नाका तीन महिन्यांत बंद होईल. हे विधान प्रश्नोत्तरांत शोधून सापडणार नाही, कारण ते अनुदानांच्या मागण्यांवरच्या, म्हणजे मंत्रालयाच्या खर्चाच्या मंजुरीवरच्या चर्चेच्या उत्तरात आलं. ते वादविवादाच्या विभागात बघावं लागतं. तारांकित प्रश्नावरचे उपप्रश्नही तिथेच. पीडीएफमध्ये फक्त पटलावर ठेवलेलं निवेदन असतं. मंत्री उठून काय बोलले, कुठल्या खासदाराने अडवलं, हे सगळं वादविवादात. दोन ठिकाणं एकमेकांना जोडली असती तर किती काम वाचलं असतं!

काही प्रश्न चुकीच्या दारात जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा नाही. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून बंद झाला, तोही राज्य सरकारचा निर्णय. रिक्षाचं भाडं मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ खाली राज्य ठरवतं. वाहनांवरचा कर, पोलीस, राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकीचे रस्ते हे सगळं राज्यसूचीतलं. दिल्लीत असा प्रश्न गेला तर 'विषय राज्याच्या अखत्यारीतला' एवढं एक वाक्य येतं, किंवा प्रश्न दाखलच होत नाही.

अशा प्रश्नांसाठी महाराष्ट्र विधिमंडळाची प्रश्नोत्तरं बघावीत. तिथला साचा मराठी वाचकाला पाठ असतो: '(१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तरं: 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही'. यातलं 'अंशतः खरे आहे' हे उत्तर सगळ्यात कामाचं. कुठला अंश खरा, ते पुढच्या दोन ओळींत नाइलाजाने सांगावं लागतं. एसटीच्या गाड्या, आरटीओतल्या चाचण्या, राज्यमार्गांवरचे खड्डे यांसाठी दिल्लीच्या संग्रहापेक्षा हा संग्रह जास्त उपयोगी, शिवाय भाषा आपली.

ज्येष्ठ नागरिकांच्या रेल्वे सवलतीवरची उत्तरं मात्र निराश करतात. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली; त्याआधी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या महिलांना ५० टक्के सूट होती. तेव्हापासून खासदार पुन्हा पुन्हा विचारतात आणि उत्तर एकाच साच्याचं येतं, उदाहरणार्थ: २०२२-२३ मध्ये रेल्वेने प्रवासी भाड्यावर ५६,९९३ कोटी रुपयांचं अनुदान दिलं, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत मिळतेच. 'सवलत परत देणार का' असं विचारलं की हेच मिळणार, कारण तो निर्णयाचा प्रश्न आहे. वर्गवार किती ज्येष्ठ प्रवासी गेले आणि पूर्वीच्या दराने सवलत दिली असती तर किती रक्कम होते, असं विचारलं तर सरासरीमागे लपता येत नाही.

आपला प्रश्न खासदाराकडून विचारवून घ्यायचा असेल तर मसुदा आपणच नीट करून द्यावा. खासदारांच्या कार्यालयात पत्रं खूप येतात, तयार मसुदा उचलणं सोपं जातं. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, टोमणे, आरोप, विशेषणं चालत नाहीत. मत विचारता येत नाही, 'जर-तर'चा प्रश्न चालत नाही, न्यायालयात असलेली बाब चालत नाही, आधी उत्तर दिलेला प्रश्न तसाच पुन्हा चालत नाही. 'टोलनाक्यांवर चाललेली लूट सरकार थांबवणार का' हा मसुदा 'लूट' या एका शब्दावर अडकतो. उत्तराच्या तारखेआधी किमान १५ दिवस सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होताच मसुदा पाठवावा. एका दिवशी एका खासदाराच्या नावावर जास्तीत जास्त पाच प्रश्न लागतात, त्यात तारांकित एकच, आणि क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. त्यामुळे तारांकितचा हट्ट नको. आकडा हवा असेल तर अतारांकित पुरतो.

उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' असं वाक्य आलं तर ते आश्वासन धरलं जातं. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते. हे वाक्य वाचून लोक हताश होतात. खरं तर तारीख लिहून ठेवून तीन महिन्यांनी आश्वासनांच्या यादीत शोधायला हवं.

माहिती अधिकाराशी तुलना केली तर दोन्हींची जागा वेगळी आहे. माहिती अधिकारात १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि फाइलची प्रत मिळते. संसदेच्या उत्तरात प्रत मिळत नाही, पण मंत्री स्वतः उत्तरदायी होतो. चांगला क्रम असा: आधी संसदेच्या संग्रहात नियमाचा किंवा सूचनेचा उल्लेख शोधावा, मग त्या उल्लेखाचा दिनांक धरून माहिती अधिकारात कागद मागावा. 'सध्याच्या सूचनांप्रमाणे' असं ब्लँकेटच्या उत्तरात आहे ना, ती सूचना कुठली, हा माहिती अधिकाराचा अर्ज झाला.

एकूण सेवेला पाचपैकी साडेतीन गुण. मजकुरासाठी पूर्ण गुण देता आले असते. एक गुण तक्ते सुटे मिळत नाहीत म्हणून कापला, अर्धा वादविवाद आणि उत्तर एकमेकांना जोडलेले नाहीत म्हणून. उत्तराच्या दिवशी सकाळी शोधू नये, दुपारनंतर बघावं.

ब्लँकेटबद्दलचा पुढचा प्रश्न अजून विचारण्याजोगा आहे. 'महिन्यातून किमान एकदा' यातून एका धुलाईनंतर तेच ब्लँकेट किती प्रवाशांनी वापरलं हे कळत नाही, आणि धुतल्याची नोंद कुठे होते तेही कळत नाही. ज्या खासदाराला द्यायचा असेल त्याने मसुदा खुशाल असाच उचलावा:

'रेल्वे मंत्री सांगतील काय: (क) मध्य रेल्वेच्या मुंबई, पुणे, नागपूर, भुसावळ आणि सोलापूर विभागांत वापरात असलेल्या ब्लँकेटांची विभागवार संख्या, (ख) या विभागांसाठीच्या यांत्रिक धुलाई केंद्रांची ब्लँकेट धुण्याची मासिक क्षमता आणि गेल्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष धुतलेल्या ब्लँकेटांची महिनावार संख्या, (ग) प्रत्येक ब्लँकेटच्या धुलाईची तारीख ज्या नोंदवहीत किंवा प्रणालीत नोंदवली जाते तिचं नाव, (घ) अशी नोंद ठेवली जात नसल्यास, महिन्यातून किमान एकदा धुण्याच्या सूचनेचं पालन तपासण्याची पद्धत, आणि (ङ) याच काळात बेडरोलविषयी आलेल्या तक्रारींची विभागवार संख्या?'